गळापासून ताटापर्यंत : काश्मीरच्या ट्राउट खात्याची सव्वाशे वर्षे

हौशी गरवणाऱ्यांच्या स्मरणिकेत काश्मीरच्या सरकारी खात्याचा इतिहास कशासाठी, असे कुणी विचारले तर त्याचे उत्तर पाण्याच्या तापमानात आहे. ट्राउटला थंड, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. दहा ते पंधरा अंश सेल्सिअस हे त्याचे सुखाचे पाणी. वीसच्या वर गेले की त्याचे खाणे सुटते आणि तो धापा टाकू लागतो. आपल्या कृष्णा-भीमेच्या डोहात चैत्र-वैशाखात त्याला सोडला तर दुसऱ्या दिवशी उलटा तरंगेल. आपल्याकडे महसीर आहे. कर्नल सायक्सने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेवरून त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, आणि लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांनी त्याचे बीज वाढवले. त्या माशाचा मान मोठा आहे, पण त्याची गोष्ट वेगळी. फ्लाय टाकून ट्राउट गरवायचे वेड ज्याच्या डोक्यात शिरले त्या मराठी माणसाला तिकीट काढावेच लागते. ते मुन्नार-नीलगिरीचे नसेल तर बहुतेक वेळा काश्मीरचे नाही तर कुलूचे असते. आणि कुलूचा ट्राउटही मुळात काश्मीरचाच.

१९०० साली स्कॉटलंडहून आलेली अंडी काश्मीरच्या पाण्यात जगली. त्या गोष्टीला २०२५ मध्ये १२५ वर्षे झाली. या सव्वाशे वर्षांत संस्थानाचे राज्य झाले, राज्याचा केंद्रशासित प्रदेश झाला, खात्याची नावे आणि वरिष्ठांच्या खुर्च्या बदलल्या. श्रीनगरजवळच्या हारवनपासून सुरू झालेली बीजाची साखळी मात्र तुटली नाही. मला या इतिहासात सर्वांत लक्षणीय वाटते ते हे की साहेबाच्या सुट्टीतल्या करमणुकीसाठी काढलेले खाते आज खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोटापाण्याचे साधन झाले आहे. हे कुणी आधी ठरवून केलेले नाही. गरज पडेल तसे ते होत गेले.

१८९९–१९०९ : वाटेत गेलेली आणि पोचलेली अंडी

काश्मीरच्या नद्यांत मासे नव्हते असे नाही. स्कायझोथोरॅक्स प्रजातीतले स्थानिक मासे तिथे पूर्वापार आहेत आणि काश्मिरी माणूस ते चवीने खातो. पण इंग्रज अधिकाऱ्याला हवा होता तो फ्लायवर झडप घालणारा, गळाला लागल्यावर उसळी मारून झुंजणारा मासा. लिद्दर आणि सिंध या नद्या पाहून त्याला स्कॉटलंड आठवावे यात नवल नाही. बर्फाचे पाणी, तळाशी गोटे, काठाला विलो. नव्हता फक्त ट्राउट.

तेव्हा काश्मीरवर महाराज प्रतापसिंगांचे राज्य होते आणि रेसिडेंट होते सर अ‍ॅडलबर्ट टॅलबट. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल नावाचे गृहस्थ या खटपटीत पुढे होते. ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी ब्राउन ट्राउटची अंडी भेट म्हणून पाठवायचे कबूल केले. १८९९ साली निघालेली पहिली खेप वाटेतच मेली. पुढच्या वर्षी दुसरी खेप आली आणि ती तगली. त्या काळी श्रीनगर गाठायचे म्हणजे आधी बोटीने तांबड्या समुद्राचा उकाडा सोसायचा, मग आगगाडीने रावळपिंडी आणि तिथून झेलम खोऱ्यातल्या रस्त्याने टांगा. त्या वाटेने जिवंत अंडी आणणे हीच मोठी करामत होती.

हे जमले ते अंड्याच्या स्वभावामुळे. ट्राउटचे अंडे सुरुवातीला इतके नाजूक असते की ताटलीला धक्का लागला तरी आतला जीव मरतो. पण काही आठवड्यांनी कवचातून पिल्लाच्या डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसू लागतात. त्या अवस्थेत ते चिवट होते आणि ओल्या शेवाळात गुंडाळून, बर्फात ठेवून त्याला प्रवास घडवता येतो. जगभर ट्राउट पसरला तो या दोन ठिपक्यांच्या अवस्थेत.

उबवलेली काही पिल्ले मिचेल यांच्याकडे श्रीनगरातल्या बाग-ए-दिलावर खानमध्ये वाढली, काही दाचीगामकडच्या पंजगामला. लवकरच हारवनला रीतसर हॅचरी उभी राहिली. दाचीगामच्या रानातून उतरणारे पाणी तिथे बारमाही थंड मिळते. १९०३ च्या सुमारास मत्स्य खात्याची घडी बसली आणि मिचेल त्याचे पहिले कर्तेधर्ते झाले.

हॅचरीतले काम कसे चालते हे इथे सांगितले पाहिजे, कारण सव्वाशे वर्षांत सगळे बदलले, हे काम जवळजवळ तसेच आहे. ब्राउन ट्राउटची वीण नोव्हेंबरात सुरू होते, म्हणजे पाण्यात हात घातला की बोटे बधिर होण्याचे दिवस. कामगार ओल्या फडक्यात मादी धरतो. एका हाताने शेपटी आवळतो आणि दुसऱ्या हाताचा अंगठा पोटावरून पुढून मागे हलकेच सरकवतो. वाटाण्याहून थोडी लहान, नारिंगी-पिवळी अंडी घरंगळत वाडग्यात पडतात. वाडगे पूर्ण कोरडे असावे लागते. पाण्याचा थेंब लागला तर अंड्याचे सूक्ष्म छिद्र मिटू लागते आणि मेहनत वाया जाते. मग नर पिळून त्याचा पांढरा द्राव वरून सोडायचा, पक्ष्याच्या पिसाने ढवळायचे आणि त्यानंतरच पाणी घालायचे. अंडी फुगून घट्ट झाली की ती वाहत्या पाण्यातल्या ताटल्यांवर एकेरी थराने पसरायची, तीही अंधारात. त्यानंतर रोज एकच काम. मेलेले अंडे पांढरे पडते. ते चिमट्याने वेचून काढायचे, नाहीतर त्याची बुरशी शेजारच्या अंड्यांना लागते. दहा अंशांच्या पाण्यात अंडे फुटायला सुमारे चाळीस दिवस लागतात, त्याहून थंड पाण्यात दोन-तीन महिने. तितके दिवस कुणीतरी निखाऱ्यांची कांगडी मांडीशी घेऊन ताटल्यांपुढे बसलेले असते. इतिहासात नावे ड्यूकची, रेसिडेंटची आणि मिचेल यांची राहिली. त्यांचे श्रेय त्यांना आहेच. चिमटा धरणाऱ्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत, म्हणून या लेखात त्यांना सामुदायिक श्रेय देणे एवढेच हाती आहे.

दशक संपायच्या आत हारवन दुसऱ्यांना देण्याच्या स्थितीत आले. १९०९ मध्ये हॉवेल नावाच्या सनदी अधिकाऱ्याने कुलूसाठी इथून अंडी नेली आणि बियासच्या खोऱ्यात ट्राउट वसला.

१९१०–१९१९ : दुसरा पाहुणा

१९१२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलहून रेनबो ट्राउटची अंडी आली. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचा. अंगावर गुलाबी पट्टा, वाढीला जलद, टाकीतल्या गर्दीला आणि हाताने टाकलेल्या खाद्याला लवकर सरावणारा. ब्राउन ट्राउट काश्मीरच्या ओढ्यांत स्वतःहून वीण घालू लागला, रुळला, रानटी झाला. रेनबो मात्र बहुतांशी टाक्यांचाच राहिला. तेव्हा कुणाला याचे महत्त्व वाटले नाही, कारण सगळ्यांचे लक्ष ओढ्यांकडे होते. टाकीत सुखाने राहणारा मासाच पुढे खात्याला तारणार होता, हे कळायला आणखी सत्तर वर्षे जावी लागली.

याच दशकात आपल्या मुंबईचा या कथेशी थेट संबंध आला. मिचेल यांनी काश्मीरमध्ये ट्राउट कसा आणला याची हकिकत १९१८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिली. पुढच्या प्रत्येक लेखकाला त्या मजकुराकडे वळावे लागते. संस्थापकाने स्वतः, काम चालू असताना लिहिलेला इतिहास फार थोड्या संस्थांच्या वाट्याला येतो.

१९२०–१९४६ : बीट, परवाने आणि साहेबाची सुट्टी

हा गळाचा सुवर्णकाळ. हारवनच्या जोडीला लारिबलची हॅचरी होती, अचबलला मुघल बागेच्या झऱ्यावर हॅचरी चालू लागली आणि नाल्यानाल्यांत बीज सोडले जाऊ लागले. सिंध, लिद्दर, ब्रिंगी, एरिन, मधुमती, वांगत ही नावे गळवाल्यांच्या तोंडी बसली. उंचावरची गंगाबल, विशनसर, किशनसर ही सरोवरेही ट्राउटसाठी प्रसिद्ध झाली.

खात्याची खरी करामत बीटची पद्धत हीच म्हणावी लागेल. नदीचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा म्हणजे एक बीट. एका बीटवर एका दिवशी मोजक्याच काठ्या. परवाना आधी काढायचा, दिवसाला सहाच मासे ठेवायचे, काही बीटवर फक्त फ्लाय, काहींवर स्पिनर चालेल, आणि विणीच्या हंगामात सगळेच बंद. वर राखणीला खात्याचा वॉचर. हे नियम त्या काळी उच्चभ्रूंच्या सोयीचे होते यात शंका नाही. काठावरच्या गावकऱ्याला आपल्याच नदीत जाळे टाकायची बंदी झाली, हा त्यातला अन्याय आज लपवण्यात अर्थ नाही. पण याच नियमांमुळे काश्मीरच्या वरच्या नाल्यांना पहारा मिळाला, हेही तितकेच खरे. देशातल्या फार थोड्या नद्यांच्या नशिबी तो आला.

फ्लाय फिशिंग आपल्या वाचकांपैकी ज्यांनी केले नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आपण गरी टाकतो तेव्हा शिशाचे वजन दोर ओढून नेते. इथे आमिषाला वजनच नसते. गळावर कोंबड्याच्या मानेचे पीस आणि रेशीम गुंडाळून पाण्यातल्या किड्यासारखे काहीतरी बनवलेले असते. त्याला पुढे नेते ते दोराचे वजन. काठी मागे न्यायची, दोर पाठीमागे सरळ ताणला जाईपर्यंत थांबायचे आणि मग पुढे. त्या थांबण्यातच सगळी विद्या आहे, आणि नवशिक्याचा फ्लाय विलोच्या फांदीत अडकतो तो तिथे घाई केल्यामुळे. साहेबांच्या पेट्यांत मार्च ब्राउन, बुचर, पीटर रॉस अशा नावांचे फ्लाय असायचे. बरोबर असायचा काश्मिरी ‘शिकारी’, म्हणजे वाटाड्या. कोणत्या खडकाआड मासा उभा आहे हे त्यालाच ठाऊक असे.

१९२५ मध्ये गादीवर आलेले महाराज हरिसिंग स्वतः गळाचे शौकीन होते. त्यामुळे खात्याला दरबारचा आश्रय होता. दुसऱ्या महायुद्धात रजेवर आलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी बीट भरून गेले.  

१९४७–१९५९ : साखळी तुटली नाही

ऑक्टोबर १९४७ मध्ये टोळीवाल्यांचे आक्रमण झाले. श्रीनगरच्या वेशीवर शालटेंगची लढाई झाली ती ७ नोव्हेंबरला, म्हणजे ऐन विणीच्या दिवसांत. शहराच्या दुसऱ्या टोकाला, हारवनला, टाक्यांत मासे होते. रस्ते बंद, अधिकारी पांगलेले, अन्नधान्याची ओढ. अशा वेळी मत्स्यबीजाकडे कोण बघणार? तरीही बीज टिकले, आणि त्याचा सर्वांत सरळ पुरावा म्हणजे पुढच्या वर्षांतले मासे. ट्राउटची टाकी दोन दिवस वाऱ्यावर सोडता येत नाही. पाण्याचा पाट पाल्याने तुंबला की काही तासांत सगळे मासे गुदमरतात. त्यामुळे त्या हिवाळ्यात कुणीतरी रोज तिथे जात होते एवढे नक्की.

गिलगिटकडचे नाले युद्धबंदी रेषेच्या पलीकडे गेले. ज्यांच्यासाठी हे खाते काढले होते ते साहेबही गेले. खाते मात्र राहिले आणि त्याने नव्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवले. लष्करातले भारतीय अधिकारी, मुंबई-दिल्ली-कलकत्त्याचे हौशी लोक आणि परदेशी पर्यटक बीटवर दिसू लागले.

१९६०–१९७९ : पर्यटनाची भरती

लिद्दरचे पाणी या काळात गळ न टाकणाऱ्यांनीही पाहिले, सिनेमाच्या पडद्यावर. पहलगामला चित्रीकरण म्हणजे हिंदी चित्रपटाचा शिरस्ताच होता. नायक-नायिका ज्या गोट्यांवरून उड्या मारत त्यांच्याखाली ब्राउन ट्राउट दबा धरून असे, हे ठाऊक असलेला प्रेक्षक विरळा.

१९६१ मध्ये मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था सुरू झाली आणि देशभरच्या मत्स्य खात्यांतले अधिकारी तिथे प्रशिक्षणाला येऊ लागले. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात बसून थंड पाण्याच्या माशाचे शास्त्र शिकणे जरा गमतीचे वाटते, पण भारतातला मत्स्यव्यवसाय शास्त्रीय शिस्तीवर आणण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. काश्मीरच्या हॅचऱ्यांत तोवर सगळे हाताच्या अंदाजावर चालत असे. माशांना मांसाचे बारीक तुकडे आणि रेशीम उद्योगातून उरलेले किडे घालायचे. पोटभर मिळे, पण त्या खाण्यावर मासा वाढवून बाजारात विकण्याचा विचार परवडणारा नव्हता.

१९८०–१९८९ : कोकरनाग

खात्याच्या इतिहासाचे दोन भाग पाडायचे झाले तर रेघ १९८४ वर ओढावी लागेल. त्या वर्षी युरोपीय आर्थिक समुदायाच्या साहाय्याने अनंतनाग जिल्ह्यातल्या कोकरनागला ट्राउट संवर्धनाचा प्रकल्प उभा राहिला. तोवर हॅचरीचे काम ओढ्यात सोडायला पिल्ले तयार करणे हे होते. आता प्रथमच खाण्यासाठी मासा वाढवायचा असे ठरले. कोकरनागच्या झऱ्यांचे पाणी सिमेंटच्या लांबट, उतरत्या टाक्यांतून सतत वाहते ठेवायचे, आणि त्यात रेनबो दाटीने वाढवायचा. गोळी-खाद्य आले. कोरडे, मापाचे, प्रथिनांचे प्रमाण ठरलेले. सुमारे सव्वा-दीड किलो खाद्याला एक किलो मासा, हा हिशेब बसू लागला की मत्स्यपालन धंदा होतो.

जुन्या जाणत्यांना हे फारसे रुचले नसावे. गळवाल्याच्या दृष्टीने टाकीतला रेनबो म्हणजे कोंबडीच. पण खात्याने दोन्ही तोंडे सांभाळली. ब्राउनचे बीज नाल्यांसाठी, रेनबो ताटासाठी, असे काम वाटले गेले. ते बहुतांशी आजही तसेच आहे.

१९८१ मध्ये दाचीगामला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हंगुल हरणासाठी राखलेल्या त्या रानाचा हारवनच्या पाण्यालाही फायदा झाला. १९८७ मध्ये थंड पाण्यातील मत्स्यसंशोधनासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. ते पुढे उत्तराखंडात भीमतालला स्थिरावले.

१९९०–१९९९ : रिकामे बीट

या दशकाविषयी थोडक्यात लिहिणेच योग्य. दहशतवाद पेटला, पर्यटक गेले, गळवाले गेले, परवान्यांचे उत्पन्न आटले. नदीकाठच्या विश्रामगृहांना कुलपे लागली. वरच्या नाल्यांत राखणीला जाणे धोक्याचे झाले आणि चोरट्या मासेमारीला रान मोकळे मिळाले. ब्लीचिंग पावडर टाकून किंवा सुरुंग लावून मासे मारणे हा प्रकार भयंकर असतो. त्यात एक मोठा मासा मिळतो आणि डोहातले सगळे लहान जीव मरतात. अशा वर्षांतही हॅचऱ्यांत दर हिवाळ्याला अंडी पिळली गेली. संचारबंदी असली तरी टाकीतले पाणी वाहते ठेवावे लागतेच. खात्याच्या कनिष्ठ नोकरांनी या दशकात जे केले त्याला कुणी पदक दिले नाही.

२०००–२०१९ : शेतकऱ्याच्या परसात

२००३ च्या नोव्हेंबरात नियंत्रणरेषेवर शस्त्रसंधी झाली आणि हळूहळू गळवाले परतू लागले. गुरेझला किशनगंगेच्या काठी पुन्हा तंबू दिसू लागले. गांदरबलजवळ रंगील येथे काश्मीर कृषी विद्यापीठाची मत्स्यविज्ञान शाखा सुरू झाली आणि स्थानिक मुले-मुली या विषयात पदव्या घेऊ लागली. ज्या खात्याचे पहिले प्रमुख गालिच्यांचे कारखानदार होते, त्या खात्याला घरचे शास्त्रज्ञ मिळू लागले.

या वीस वर्षांतली मोठी घटना म्हणजे ट्राउट सरकारी कुंपणाबाहेर आला. राष्ट्रीय कृषी विकास योजनेसारख्या योजनांतून अनुदान मिळाले आणि झऱ्याचे पाणी असलेल्या शेतकऱ्याने परसात दोन टाक्या बांधून रेनबो वाढवायला घेतला. खाते पिल्ले देते, सल्ला देते, आणि वर्ष-दीड वर्षात मासा विक्रीला तयार होतो. सफरचंदाचा हंगाम एकच असतो. मासा मात्र भाव बघून काढता येतो.

सप्टेंबर २०१४ च्या महापुराने हा सगळा पसारा हादरला. ट्राउटच्या टाकीला पाण्यापेक्षा गाळाचे भय जास्त. गढूळ पाणी कल्ल्यांत भरले की मासा तासा-दोन तासांत जातो. गाळ उपसून, पाट पुन्हा बांधून कामे सुरू झाली.

आणखी एक गोष्ट या दोन दशकांत जरा मोकळेपणाने बोलली जाऊ लागली. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर परक्या जीवजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत ब्राउन आणि रेनबो दोन्ही ट्राउट आहेत. काश्मीरचा स्थानिक मासा मागे हटला त्याला प्रदूषण, रेतीउपसा, बंधारे अशी अनेक कारणे आहेत, पण वरच्या नाल्यांत पाहुण्याने यजमानाची पिल्ले खाल्ली हेही आहे. महोत्सवी लेखात हे लिहू नये असा संकेत असतो. मला वाटते, १२५ वर्षांच्या संस्थेला एवढे ऐकून घेण्याइतके वय झाले आहे. स्थानिक माशाच्या बीजासाठीही तेवढीच मेहनत घेणे हे आता या खात्याचेच काम आहे.

२०२० पासून आजपर्यंत

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये आली आणि खासगी ट्राउटला आणखी बळ मिळाले. जुन्या रेनबोची अवलाद तीच तीच राहून वाढ मंदावते, म्हणून डेन्मार्कहून नवी अंडी मागवण्यात आली. त्याच दोन काळ्या ठिपक्यांच्या अवस्थेत, पण आता विमानाने.

पाण्याने मात्र या वर्षांत काळजी लावली आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोकरनागजवळ वांदेवलगामला ब्रिंगी नदीच्या पात्रात अचानक मोठे भगदाड पडले आणि सगळा प्रवाह जमिनीत गडप झाला. खालचे पात्र कित्येक किलोमीटर कोरडे पडून ट्राउट तडफडून मेले. या भागाची जमीन चुनखडीची आहे. ती आतून पोखरली जाते आणि कधी तरी वरचे छत कोसळते. जे चुनखडीचे थर कोकरनाग-अचबलला बारमाही थंड झरे देतात, तेच असा दगाही देतात. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये, कोरड्या गेलेल्या हिवाळ्यानंतर, अचबलचा झरा आटला. मुघल बागेतले कालवे सुके पडलेले पाहून स्थानिक लोक हळहळले. ज्या झऱ्यावर शतकभर हॅचरी चालली तो आटणे, ही या खात्यापुढची येत्या काळातली सर्वांत मोठी अडचण आहे. अनुदान वाढवता येते, परदेशी अंडी आणता येतात. बारा अंशांचे पाणी कुठून आणणार?

त्याच वर्षी २२ एप्रिलला पहलगामजवळ बैसरनला पर्यटकांवर हल्ला झाला. २६ जण मारले गेले, त्यांत आपल्या महाराष्ट्रातली माणसे होती. गळाचा हंगाम नुकता सुरू होत होता. अनेक पर्यटनस्थळे बंद झाली आणि लिद्दरचे बीट ओस पडले. वाटाडे, तंबूवाले, घोडेवाले सगळ्यांचाच हंगाम बुडाला. त्याही हिवाळ्यात वीण नोव्हेंबरातच येणार होती आणि हॅचरीतल्या माणसाला पाण्यात हात घालायचाच होता.

आपल्या वाचकांपैकी जे काश्मीरला गळ घेऊन जातील त्यांना थोडी विनंती. हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर असतो. तारखा आणि उघडी बीट निघण्यापूर्वी मत्स्य खात्याकडून खात्री करून घ्या. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा, म्हणजे मासा इजा न होता सुटतो. ब्राउन ट्राउट ओल्या हाताने धरून पाण्यात परत सोडा. खायचा असेल तर शेतकऱ्याच्या टाकीतला रेनबो पैसे देऊन विकत घ्या. त्यातले चार पैसे खेड्यातल्या घरात जातात. दुसऱ्या नदीत उतरण्यापूर्वी बूट कडक उन्हात वाळवा, कारण माशांचे रोग ओल्या बुटांबरोबर प्रवास करतात. आणि परवाना स्वतःच्या नावाचा काढा. ‘मी बघतो साहेब’ म्हणणाऱ्या कुणाच्या भरवशावर नदीत उतरू नका.